गरोदरपणात घरचे लेप: कशासाठी लावावेत, कशासाठी नाहीत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खान्देशात लेकी माहेरी येतात, आणि त्यातली एखादी दोनजीवाची असली की घरातल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एकेक सल्ला तयार असतो. आजी म्हणते हळद-साय लाव. मावशी कापूर घातलेलं खोबरेल देते. मोबाईलवर कोणीतरी लिंबू आणि खाण्याचा सोडा कालवून सात दिवसांत डाग घालवून दाखवत असतं. डॉक्टरीणबाई मात्र तपासणीच्या गर्दीत एवढंच म्हणतात, "काही लावू नका." गालावर वांग, म्हणजे काळसर डाग आलेली, पोटाला खाज सुटलेली ती पोरगी कोणाचं ऐकणार?

"काही लावू नका" हे उत्तर मला अपुरं वाटतं. घरी केलेल्या गोष्टींपैकी काही खरोखर चांगल्या आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही अपाय करतात. कोरडेपणा आणि साधी खाज यांवर घरचं तेल उत्तम काम करतं. डाग, ऊन आणि पोट ताणल्यामुळे उठणारे व्रण यांवरचा उपाय मात्र स्वयंपाकघरात नाही, आणि तिथे तो शोधायला गेलेल्या बायकाच जास्त पोळतात.

या दिवसांत त्वचेला होतं तरी काय?

गर्भ राहिला की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वाढतात. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा आणि वेगवेगळ्या अवयवांना कामाला लावणारा रासायनिक निरोप. हेच निरोप त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींनाही पोचतात. म्हणून बेंबीखाली काळी रेघ उमटते, मान आणि काखा काळवंडतात, गालांवर आणि कपाळावर वांग येतं. हा मळ नाही, त्यामुळे तो घासून जात नाही. गव्हाच्या कोंड्याने, साखरेने किंवा दगडाने मान घासून लाल करून घेणाऱ्या बायका पाहिल्या की जीव कळवळतो, कारण घासलेल्या जागी त्वचा उलट जास्तच काळी पडते.

यातलं बरंचसं बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिकं होतं. वांग कधीकधी मागे राहतं, आणि ते राहण्यामागे सगळ्यात मोठा हात उन्हाचा असतो.

वर लावलेलं आत जातं का?

जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात राहिलेल्यांना हे लगेच समजेल. धाब्यावर मातीचा थर नीट चोपलेला असला तर पाऊस वरून वाहून जातो. पण थराला तडा गेला, किंवा पावसाळ्याआधी नवी खारी माती टाकायची राहून गेली, की पाणी घरात टपकायला लागतं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर असाच असतो. मेलेल्या चपट्या पेशी आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ. जाडी म्हणाल तर जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग. एवढ्यावर तो आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवतो.

या थरातून काय पार होतं याचा शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा आत शिरत नाही. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप. बेसनातली आणि दुधातली प्रथिनं हजारो डाल्टनची असतात, ती वरच राहतात आणि धुतली की जातात. कापराचा रेणू १५२ डाल्टनचा आहे. डाग घालवायच्या मलमात असणारं हायड्रोक्विनोन ११० डाल्टनचं, आणि ते लावल्यावर त्यातला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग शरीरात शोषला जाऊ शकतो. म्हणून "वरूनच तर लावतेय" हे बेसनाला लागू पडतं, कापराला आणि मलमाला नाही.

शिवाय किती जागेवर लावलं, किती वेळ ठेवलं, वर कापड गुंडाळलं का आणि त्वचा खरवडलेली होती का, यावरही बरंच ठरतं. कोपरभर जागेला लावलेलं आणि रोज अंगभर चोळलेलं एकच नसतं.

लिंबू आणि वैशाखातलं ऊन

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चेहरे यातूनच बिघडतात.

आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी, आकडा जितका खाली तितकं आंबट, आणि दर एका आकड्याला दहापट फरक. लिंबाच्या रसाचा पीएच सुमारे २ असतो. म्हणजे तो आपल्या त्वचेपेक्षा हजारपट आंबट. खाण्याचा सोडा याच्या उलट टोकाला, ८ च्या वर. आज लिंबू, उद्या सोडा असं करत राहिलं की तो वरचा थर तडकतो, आणि मग साधं पाणीही झोंबायला लागतं.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते. लगेच काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली, कधी फोड, आणि मग काळा डाग, जो आठवडे किंवा महिने जात नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, ऊन सकाळी आठलाच चटके देतं. अशा ठिकाणी लिंबू चोळून अंगणात कपडे वाळत घालायला जाणं म्हणजे ज्या डागासाठी लावलं तोच डाग वाढवणं.

"मी रात्री लावते आणि धुऊन टाकते" असं कोणी म्हणेल. भाजण्याचा धोका त्याने कमी होतो, हे खरं. पण आंबटपणाचा त्रास राहतोच, आणि वांग लिंबाने जात नाही. मग लावायचं कशाला?

वांगावर खरं काम करते ती सावली. डोक्यावरून ओढलेला सुती स्कार्फ, रुंद काठाची टोपी, दुपारी अकरा ते चार घरात राहणं, आणि सनस्क्रीन. सनस्क्रीन घरी करता येत नाही. खोबरेलाचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून मिळणारं संरक्षण, प्रयोगशाळेत मोजला तरी एक आकडीच भरतो, आणि निदान ३० तरी हवा असतो. झिंक ऑक्साइडची पूड आणून तेलात कालवली तर ती सारखी पसरत नाही, कुठे जाड थर बसतो तर कुठे काहीच नाही. गरोदरपणात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं विकतचं सनस्क्रीन घ्यावं, कारण ही द्रव्यं निरोगी त्वचेतून जवळजवळ आत जातच नाहीत. त्यातही त्वचेच्या रंगाची छटा असलेलं मिळालं तर आणखी चांगलं. त्या छटेतलं लोह ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतं. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यायचं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं लावून उपयोग नाही.

"नैसर्गिक आहे, मग भीती कसली?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. पण वनस्पतीतलं द्रव्य हेही रसायनच. औषधी आहे असं आपण ज्याला म्हणतो, ते शरीरावर परिणाम करतं म्हणूनच तर औषधी आहे. आणि आपल्या म्हाताऱ्या बायकांना हे पक्कं माहीत आहे. काळाबोळ बाळंतिणीला देतात, गर्भारणीला नाही. काळाबोळ म्हणजे कोरफडीच्या पात्यातून गळणारा पिवळा कडू रस वाळवलेला. तोच रस ताजी कोरफड कापली की सालीखालून निघतो. तो जोरदार रेचक आहे आणि त्वचेलाही झोंबतो. म्हणून पातं कापून अर्धा तास उभं ठेवावं, पिवळा रस निथळू द्यावा, गर धुऊन मगच लावावा. लावायला चालतो. कोरफडीचा रस पिणं मात्र गरोदरपणात नकोच.

कापराचंही असंच. खोबरेलात कापूर विरघळवून खाजेवर चोळायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि त्याने गार वाटतं यात शंका नाही. पण कापूर त्वचेतून शोषला जातो, वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या अवयवातून, बाळापर्यंत पोचतो, आणि घरी तो किती पडला हे कोणी मोजत नाही. नऊ महिने तो देवासमोर जळू द्या. अंगाला लावू नका, आणि नंतर बाळाच्या मालिशच्या तेलातही घालू नका.

बावचीचं तेल "नैसर्गिक रेटिनॉल" म्हणून सध्या विकलं जातं (रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप). कोडावर बावची वापरतात ती तिच्यातल्या सोरालेनमुळे, म्हणजे लिंबाबद्दल सांगितलं तेच, पण कितीतरी जास्त ताकदीचं. ते टाळा. नीलगिरी, लवंग, ओवा, गंधपुरा यांची उग्र तेलं लहान बाटलीतून थेट अंगावर घ्यायची नसतात. गंधपुऱ्याचं तेल तर अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं, ते पूर्ण वर्ज्य. कडुनिंबाचा पाला आंघोळीच्या पाण्यात घालायला हरकत नाही, पण कडुनिंबाचं तेल पोटात घेऊ नये.

हळदीबद्दल मला वेगळी काळजी आहे. चिमूटभर हळद त्वचेवर लावून बाळाला काही होत नाही. पण सुट्या, भडक पिवळ्या हळदीत शिशाच्या क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे, आणि शिसं वारेतून बाळाकडे जातं, त्याच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं. यावल-रावेरकडे हळद पिकते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंड आणून घरी दळलेली हळद असेल तर ती लावा आणि तीच खा.

आणि मुलतानी माती. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा लावली तर ठीक, कोरडीला नको. पण लेपासाठी आणलेली माती काही जणी चोरून खातात. पहिल्या पावसाच्या वासासारखा तिचा वास अनावर होतो म्हणतात. याला लाजू नये आणि याच्यावर कोणी ओरडूही नये. माती, खडू, भिंतीचा पोपडा खावासा वाटणं ही पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

डबीत पाणी आहे का?

घरचं काहीही करताना हा एक प्रश्न विचारला तरी निम्मी चूक टळते. जिथे पाणी आहे तिथे जंतू वाढतात. कोरफडीचा गर, तांदळाचं पाणी, गुलाबपाणी, दही, फळाचा गर, शंभर वेळा धुतलेलं तूप, या सगळ्यांत पाणी आहे. जळगावच्या उन्हाळ्यात सकाळची भाजी दुपारी आंबते, तर गर तीन दिवस डबीत कसा टिकेल? वास येत नाही म्हणून तो चांगला असंही नाही. बरेचसे जंतू नाकाला आणि डोळ्याला कळण्याआधीच लाखोंनी वाढलेले असतात. खाजवून ओरखडे पडलेल्या पोटावर असं काही लावलं तर तिथे पू धरू शकतो.

विकतच्या मलमात टिकवण द्रव्य असतं ते याचसाठी. घरी काहीजणी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून टाकतात आणि आता हे टिकेल असं समजतात. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना मारत नाही. म्हणून पाण्याचं जे करायचं ते वाटीभर, त्याच वेळी वापरून उरलेलं फेकून द्यायचं. साठवायचं ते फक्त तेल-मेणाचं, कोरडं.

मग घरी करावं काय?

तेल. आंघोळीनंतर अंग टॉवेलने टिपून, पुसून कोरडं न करता, ओलसर असतानाच लावायचं. तेल ओलावा देत नाही, असलेला अडवून धरतं. ही क्रमाची छोटीशी गोष्ट कितीतरी महागड्या डब्यांपेक्षा कामाची आहे.

कोणतं तेल? घाण्याचं खोबरेल चांगलं. करडईचं आणि सूर्यफुलाचंही चांगलं, कारण त्यांत लिनोलिक आम्ल जास्त असतं आणि आपल्या त्वचेचा वरचा थर त्याच आम्लाचा उपयोग करतो. ऑलिव्ह तेलाचं कौतुक खूप होतं, पण त्याने हा थर कमकुवत होतो असं प्रयोगात दिसलं आहे. महाग आहे म्हणून ते आणू नका.

टाचा, ओठ आणि खाजणाऱ्या पोटासाठी मलम करायचं तर २० ग्रॅम शुद्ध मधमाशांचं मेण आणि ८० ग्रॅम खोबरेल किंवा करडईचं तेल घ्या. पातेल्यात पाणी तापवून त्यावर स्टीलची वाटी ठेवा आणि त्यात दोन्ही वितळवा. थेट आचेवर नको. पाण्याचा एक थेंबही आत पडू देऊ नका. उकळलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या काचेच्या बाटलीत ओता, निवल्यावर झाकण लावा. काढताना बोटं कोरडी हवीत. सावलीत ठेवलं तर दोनेक महिने चांगलं राहतं. खवट वास आला की टाकून द्या. वास, रंग, उग्र तेल काहीही घालू नका. गरोदरपणात नाक तसंही फार तिखट झालेलं असतं.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावं, मग अंगाला.

पण वैशाखात हेच मलम अंगभर चोपडलं तर घामाची छिद्रं बुजतात आणि घामोळं येतं. तेव्हा तेल रात्री, थोडं, आणि फक्त कोरड्या जागी. दिवसा सैल सुती कपडे आणि गार पाण्याची घडी पुरे. बोअरचं जड पाणी असलेल्या गावांत साबणाला फेस येत नाही, तो अंगावर चिकटून राहतो आणि त्वचा ओढल्यासारखी होते. तिथे साबण काख-जांघेपुरता ठेवावा आणि बाकीच्या अंगाला बेसन-पाण्याचं पातळ कालवण लावून भरपूर पाण्याने धुवावं. कोमट पाणी, कढत नाही.

पोटावरचे व्रण

इथे थोडक्यात सांगते. पोट ताणलं की त्वचेचा आतला थर, कोलॅजेनच्या धाग्यांचा, उसवतो. तेल वरच्या थरावर राहतं, तिथवर पोचतच नाही. वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये पाहिलं तेव्हा, कोणत्याही मलमाने किंवा तेलाने हे व्रण टळतात याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. आईला होते का, वजन किती भराभर वाढलं, वय किती, यावर ते जास्त अवलंबून आहेत. मालिश करा, बरं वाटतं, खाज कमी होते. पण व्रण उठले तर मालिश कमी पडली असं कोणी सुनेला ऐकवू नये.

"आम्हले काय व्हयनं?"

"आम्हाला काय झालं?" हा आजीचा प्रश्न रास्त आहे. तिला उत्तर द्यायला हवं. एक तर तिने लावलं ते बहुतेक तेल, बेसन, घरची हळद असं होतं. ते आजही चालतं. दुसरं, तिच्या काळी कापूर आणि लवंगेचं तेल बाटलीबाटलीने घरपोच येत नव्हतं. आणि तिसरं, जिला त्रास झाला तिची गोष्ट घरात फारशी कोणी सांगितली नाही. आजीचं तेल घ्यावं, त्यात कापूर तेवढा घालू नये. इतकं सांगितलं की बहुतेक आज्या ऐकतात. केशर-दुधाने बाळ गोरं होत नाही, हेही त्याच बसण्यात सांगून टाकावं. बाळाचा रंग आई-बापाच्या गुणसूत्रांतून येतो, आणि तो जो असेल तो छानच असतो.

"मग विकतचं गोरेपणाचं क्रीम बरं का?"

नाही, आणि हा धोका घरच्या लेपांपेक्षा कितीतरी मोठा आहे. मेडिकलमधून सांगून आणलेल्या बऱ्याच मलमांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं त्रिकूट असतं. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, रेटिनॉइड. याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात गंभीर व्यंग निर्माण होतं. वरून लावलेलं फार कमी आत जातं, तरी गरोदरपणात हे कूळच टाळतात. स्टिरॉइडची अनेक मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी ती सहज मिळतात.

पार्लरमध्ये किंवा कोणी घरी बनवून लेबलाशिवाय डबीत विकतं ते "आयुर्वेदिक" क्रीम तर हातातही घेऊ नये. अशा क्रीममध्ये पारा निघतो. कायद्याने दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा चेहऱ्याच्या क्रीममध्ये चालत नाही. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीमं लावणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार दिसला, आणि त्यामागे पारा सापडला. हाच पारा वारही ओलांडतो.

मुरुम फारच झाले तर अ‍ॅझेलेइक आम्लासारखी, गरोदरपणात चालणारी मलमं असतात. ती त्वचेच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तेलाने न थांबणारी खाज

हे घरातल्या प्रत्येकाने वाचावं. शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपाय खाजायला लागले, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ काहीच नाही, तर तो बहुधा त्वचेचा प्रश्न नसतो. अशा वेळी पुष्कळदा यकृतातून पित्त नीट वाहत नसतं आणि पित्ताची आम्लं रक्तात साठतात. आईला बहुतेक वेळा फक्त खाज असते. बाळाला मात्र यात धोका असतो, आणि ही आम्लं फार वाढली तर बाळ पोटातच दगावू शकतं. अशा वेळी तेल, लेप, कडुनिंब यात एकही दिवस घालवू नये. यकृताची आणि पित्ताम्लांची रक्त तपासणी सांगते काय ते. औषध आहे, आणि गरज पडली तर डॉक्टर बाळंतपण थोडं आधी करतात. डोळे पिवळे, लघवी गडद झाली असेल तर त्याच दिवशी जा.

गावातून जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आशाताईंना सांगितलं की त्या घेऊन जातात. जाताना घरात जे जे लावता त्या सगळ्या डब्या, बाटल्या आणि ट्यूब पिशवीत घालून न्या, लेबल नसलेलीसुद्धा, आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडून एकेकीबद्दल विचारा.